शहर विजांना बोलावतं का?

वळीव पडून गेला की पुण्यात फोनाफोनी ठरलेली असते. "तुमच्याकडे झाला का?" हडपसरची मावशी सांगते, अर्धा तास नुसता कडकडाट, दोनदा लाइट गेली, गच्चीवरचे पापड भिजले. आमच्याकडे कोथरूडला चार थेंब आणि मातीचा वास. मध्ये पंधरा किलोमीटरसुद्धा अंतर नाही, पण जणू दोन वेगळे ऋतू.

मग बोलणं नेहमीच्या वळणावर येतं. एक जण म्हणतो, "हे टॉवर उभे राहिले ना, तेव्हापासून विजा वाढल्या." दुसरा म्हणतो, "छे, सिमेंटच्या जंगलानं पाऊसच पळवून लावला." एक म्हणतो शहर वादळ ओढून आणतं, दुसरा म्हणतो हाकलून देतं. गंमत अशी की दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. चुकलंय ते कारण.

मोठ्या शहरांचा विजांवर परिणाम होतो का, हा प्रश्न हवामानाच्या अभ्यासकांनी पन्नास-साठ वर्षं चघळला आहे. उत्तर 'हो' आहे. पण ते 'हो' कुठल्या दिवसांपुरतं, आणि त्या विजा पडतात कुणाच्या डोक्यावर, हे कळायला जरा पायापासून सुरुवात करावी लागेल.

ढगात वीज येते कुठून?

थंडीत सिंथेटिक स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट आवाज होतो. अंधार असेल तर बारीक ठिणग्याही दिसतात. घासाघाशीत विद्युतभार एका कपड्यावरून दुसऱ्यावर गेलेला असतो आणि संधी मिळताच तो उडी मारून परत येतो. ढगातही असंच घडतं, फक्त तिथे कपड्यांच्या जागी बर्फ असतो.

वादळी ढग दहा-बारा किलोमीटर, कधी त्याहूनही उंच चढतो. त्याच्या मधल्या भागात तापमान शून्याखाली दहा ते वीस अंश असतं. तिथे तीन गोष्टी एकत्र नांदतात: बर्फाचे अगदी हलके स्फटिक, मऊ गारेसारखे जड दाणे, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब. खालून वर येणाऱ्या हवेच्या झोतात हे सगळं एकमेकांवर आपटत राहतं. धक्काबुक्कीत हलके स्फटिक धन भार घेऊन ढगाच्या माथ्याकडे जातात, जड दाणे ऋण भार घेऊन मध्येच रेंगाळतात. भारांची अशी फाळणी वाढत गेली की एका क्षणी मधली हवा हार मानते आणि वीज चमकते. त्या रेषेतली हवा क्षणभर ३० हजार अंशांच्या आसपास तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट. इतकी तापलेली हवा फाटल्यासारखी पसरते, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा गडगडाट.

यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचं सगळं सोपं होईल. विजेला बर्फ लागतो. ढग पुरेसा उंच गेल्याशिवाय बर्फ नाही, आणि खालून दमदार झोत असल्याशिवाय ढग उंच जात नाही.

मुंबईकरांना याचा पुरावा दरवर्षी मिळतो. एकट्या जुलैत तिथे सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पण आठ-आठ दिवस धो धो पडूनही गडगडाट क्वचितच. ऐन पावसाळ्यातल्या ढगांत पाणी रग्गड असतं, पण वर ढकलणारा झोत मवाळ. बरेचसे ढग बर्फाच्या उंचीपर्यंत नीट पोचायच्या आतच रिते होतात. याउलट मेअखेरचा वळीव किंवा हस्त नक्षत्रातला परतीचा पाऊस. जमीन तापलेली, वरची हवा थंड, झोत जोरकस. तो गर्जतच येतो.

म्हणजे शहर पाऊस पाडतं का, हा आपला प्रश्नच नाही. शहरामुळे तो झोत जोर धरतो का, किंवा ढगात बर्फ वाढतो का, एवढंच बघायचं. उत्तर तीन वाटांनी येतं.

तवा आणि माठ

गॅस बंद केला तरी तवा बराच वेळ हात लावू देत नाही. शहर तसंच. डांबर, सिमेंट, पत्रे दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत बसतात. आसपासचा शेतीचा मुलूख मात्र माठासारखा असतो. ओली माती आणि झाडांची पानं पाण्याची वाफ सोडतात, वाफ होताना उष्णता खर्ची पडते आणि तो भाग गार राहतो. शहर असं भोवतालापेक्षा गरम राहण्याला 'उष्णतेचं बेट' म्हणतात.

हे पहिल्यांदा मोजून दाखवलं ते ल्यूक हॉवर्ड यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनमध्ये. पेशाने औषधं बनवणारा हा गृहस्थ. ढगांची जी लॅटिन नावं जगभर चालतात त्यांची सुरुवातही त्यांच्याच वहीत झाली. त्यांच्या नोंदींत लंडन शहर रात्री भोवतालच्या खेड्यांपेक्षा सुमारे २ अंश सेल्सियसने उबदार निघालं, आणि दिवसा उलट किंचित गारच. फरक रात्री जास्त असतो, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

गरम हवा हलकी होऊन वर जाते, रिकामी जागा भरायला चहूबाजूंची तुलनेनं गार हवा शहराकडे येते. सगळीकडून आलेली हवा मध्यभागी भेटली की तिला जायला एकच दिशा उरते: वर. झाला झोत तयार.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात १९९६ साली ऑलिम्पिक भरलं, तेव्हा खेळांसाठी म्हणून शहरात आणि आसपास हवामान मोजणारी यंत्रं दाटीवाटीनं बसवली गेली. अभ्यासकांना आयती पर्वणीच. काही वादळं बाहेरून आली नव्हती, ती शहराच्या डोक्यावरच जन्मली होती, असं त्या नोंदींतून दिसलं. पुढे १९९६ ते २००० या पाच वर्षांचा धांडोळा घेतला तेव्हा शहराच्या उष्णतेने सुरू झालेल्या पावसाच्या ३७ घटना सापडल्या. त्यांपैकी सर्वाधिक मध्यरात्रीनंतर लगेचच्या वेळी. हॉवर्डसाहेबांची रात्रीची ऊब इथे अशी भेटते.

पण त्या ३७ घटना किती दिवसांतल्या? पाच वर्षांतल्या फक्त २० दिवसांतल्या. शहर रोज उठून वादळं करत नाही. हवेत आधीच भरपूर दमटपणा असावा लागतो, आकाश तयारीत असावं लागतं आणि वारा मंद असावा लागतो. वारा जोराचा असेल तर तव्यावरची ऊब जमायच्या आतच उडून जाते. चूल, सरपण, आधण सगळं निसर्गाचं. शहर फार तर वरून एक फुंकर घालतं.

घाटातली कोंडी

शनिवारी सकाळी मुंबईहून निघालात आणि खंडाळ्याच्या घाटाशी पोचलात की काय होतं? पुढच्या गाड्या मंदावतात, मागच्या येतच राहतात, आणि कोंडी होते. मोकळ्या रानावरून येणारा वारा शहराच्या इमारतींत शिरला की त्याचीही अशीच गत होते. पुढची हवा रखडते, मागची येऊन आदळते. गाड्यांना वर उडता येत नाही, हवेला येतं.

याच अडथळ्याची दुसरी बाजूही आहे. बाहेर तयार झालेलं एखादं वादळ शहरावर चाल करून आलं, तर ते नदीतल्या खडकाशी आलेल्या पाण्यासारखं दोन बाजूंना फुटू शकतं. न्यूयॉर्कच्या बाबतीत हे नोंदलं गेलं आहे: वादळं शहराला वळसा घालून गेली, दोन्ही कडांना जास्त पाऊस आणि मध्ये कमी. तेव्हा "शहरानं पाऊस पळवला" म्हणणारा गडी अगदीच खोटा नाही. मंद वाऱ्याच्या दिवशी शहर ढग जमवतं, आणि आयत्या आलेल्या वादळाला कधी कधी बगल द्यायला लावतं. कुठला दिवस कुठला, यावर सगळं.

पिठाची परात आणि धूर

तिसरी वाट मला सगळ्यात रंजक वाटते, कारण ती स्वयंपाकघरातून जाते.

ढगातला थेंब रिकाम्या हवेत सहसा तयार होत नाही. त्याला बसायला एक कण लागतो: धूळ, मीठ, धूर, काहीही. स्वच्छ हवेत असे कण थोडे. ढगातलं पाणी त्या थोड्या कणांवर वाटलं जातं, थेंब मोठे होतात आणि चटकन खाली पडतात. शहरावर गाड्यांचा, भट्ट्यांचा, कारखान्यांचा धूर. कण असंख्य. पीठ परातीत तेवढंच आहे, पण दहा भाकऱ्यांऐवजी शंभर पुऱ्या लाटायच्या आहेत. प्रत्येक पुरी इवलीशी.

इवले थेंब पडायला जड नसतात. ते झोतावर स्वार होऊन वर जात राहतात आणि शून्याच्या रेषेपलीकडे पोचतात. तिथे गोठतात. पाणी गोठताना आतली उष्णता बाहेर टाकतं, त्याने भोवतालची हवा आणखी ऊबदार होते, झोताला आणखी जोर येतो, ढग आणखी उंच जातो. बर्फ जास्त, आपटाआपट जास्त, विजा जास्त. जे पाणी खालीच चार थेंबांत संपून गेलं असतं, ते धुराने वर पाठवून दिलं.

ला पोर्टची भानगड

हे सगळं कागदावर झालं. प्रत्यक्षात दिसतं का, यावर मोठा वाद झाला, आणि त्याची सुरुवात अमेरिकेतल्या ला पोर्ट नावाच्या छोट्या गावापासून झाली. शिकागो आणि गॅरीच्या पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यापासून हे गाव पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर. १९६८ साली स्टॅन्ली चँगनन या हवामानतज्ज्ञाने दाखवलं की १९५१ ते १९६५ या काळात आसपासच्या केंद्रांच्या तुलनेत तिथे पाऊस ३१ टक्के, गडगडाटी वादळं ३८ टक्के आणि गारपिटीचे दिवस तब्बल २४६ टक्के जास्त होते. पोलादाचं उत्पादन आणि धुरकट दिवस यांच्या चढउताराशी ते आकडे जुळत होते.

लगेच शंकासुर उठले. म्हणाले, गावातला पर्जन्यमापक वाचणाराच चुकतोय. पाऊस काही वेगळा नाही. ही शंका फालतू नव्हती. एकाच केंद्राच्या नोंदीवर एवढी मोठी इमारत उभी करणं धोक्याचंच. म्हणून १९७१ पासून सलग पाच उन्हाळे सेंट लुइस शहराभोवती पर्जन्यमापकांचं जाळं, रडार आणि विमानं लावून मोठी मोहीम झाली. शहर निवडलं तेच मुळी डोंगर आणि मोठ्या तळ्यांपासून दूरचं, म्हणजे त्यांच्यावर बोट दाखवायला जागा राहू नये. निष्कर्ष असा निघाला की शहरावर आणि त्याच्या वाऱ्याखालच्या भागात उन्हाळी पाऊस ५ ते २५ टक्के वाढतो. गडगडाट आणि गाराही वाढतात.

'वाऱ्याखालचा भाग' हा शब्द इथे कळीचा आहे. ढग ज्या दिशेला सरकतात, त्या दिशेचा शहरापलीकडचा मुलूख. वादळ शहरावर जन्मतं, पण मोठं व्हायला त्याला अर्धा-एक तास लागतो, आणि तोवर वारा त्याला पुढे घेऊन गेलेला असतो. ला पोर्टचं दुखणं हेच होतं: कारखाने दुसऱ्याचे, गारा आपल्या.

शहरात बघणारेच जास्त, म्हणून विजा जास्त वाटतात, असं तर नाही?

माणसांच्या नोंदींबाबत ही शंका रास्त होती. आता विजा माणसं मोजत नाहीत. जुन्या रेडिओवर मध्यम लहरींवर आकाशवाणी लावली असताना वीज चमकली की खरखर व्हायची, आठवतं? प्रत्येक वीज रेडिओ लहरींचा एक धक्का सोडते. दूरदूर बसवलेली यंत्रं तो धक्का पकडतात, आणि कुठे किती क्षणांनी पोचला यावरून वीज नेमकी कुठे पडली ते काढतात. त्यांना शहर काय नि माळरान काय.

अशाच जाळ्याच्या १९८९ ते २००० या बारा वर्षांच्या नोंदी टेक्ससमधल्या ह्यूस्टन शहरासाठी तपासल्या, तेव्हा भोवतालच्या मानाने शहरावर जमिनीवर पडणाऱ्या विजा सुमारे ४५ टक्के जास्त निघाल्या. ब्राझीलच्या साओ पावलोतही अशीच वाढ दिसली.

शहरं समुद्र-नद्यांकाठी असतात. विजा त्यामुळे असतील

हा आक्षेप पहिल्यापेक्षा जड आहे. ह्यूस्टनजवळ खाडी आहे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा आणि जमिनीवरची तापलेली हवा यांची गाठ पडून तिथे शहर नसतं तरी वादळं झाली असती. मुंबईबद्दलही हाच पेच: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मध्ये शहर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. असा टोकाचा फरक बघून सगळं खापर सिमेंटवर फोडण्याचा मोह होतो. पण एका दिवसावरून शहराचा हात सिद्ध होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी लागते.

मग गुंता सोडवायचा कसा? एक वाट अशी: कारणं सुटी सुटी करून बघायची. लुइझियानातलं लेक चार्ल्स हे ह्यूस्टनच्या मानाने चिमुकलं शहर. तिथे उष्णतेचं बेट नाव घेण्याजोगं नाही, पण तेलशुद्धीकरणाचे मोठे कारखाने आहेत. तिथेही विजा वाढलेल्या आढळल्या. म्हणजे संशयाची सुई धुराकडे वळली.

दुसरी वाट वारांची. सोमवार-मंगळवार माणसाने ठरवले. ढगाला रविवार कळत नाही. तरीही अमेरिकेच्या आग्नेय भागात उन्हाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवसांत, म्हणजे रस्ते आणि कारखाने भरात असताना, पाऊस आणि विजा जास्त आणि सुट्टीच्या दिवशी कमी, असं उपग्रह आणि विजांच्या नोंदींत दिसलं. जगाच्या इतर भागांत हा ताल असा स्वच्छ सापडत नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकणार नाही.

तिसरी वाट मात्र नामी आहे, आणि ती शहरात नाहीच. ती समुद्रात आहे.

जहाजांनी दिलेली साक्ष

श्रीलंकेच्या दक्षिणेकडून, ग्रेट निकोबारच्या खालून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा मार्ग जगातल्या सर्वांत वर्दळीच्या जहाजमार्गांपैकी एक. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या भागातल्या बारा वर्षांच्या विजांचा नकाशा काढला, तर समुद्रावर जणू पट्टी ठेवून आखल्यासारखी रेघ उमटली. बरोबर जहाजमार्गावर. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा तिथे विजा जवळजवळ दुप्पट.

समुद्रावर डांबर नाही, इमारती नाहीत, तापलेला तवा नाही. उरला तो जहाजांच्या धुराड्यांतला गंधकयुक्त धूर. कुणी म्हणेल, जहाजांच्या डोलकाठ्या उंच असतात, वीज त्यांच्यावर पडत असेल. म्हणून पुढचं ऐका. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमाने ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली गेली. डोलकाठ्या होत्या तेवढ्याच उंच राहिल्या, जहाजं त्याच मार्गाने जात राहिली, फक्त धूर बदलला. आणि त्या मार्गावरच्या विजा सुमारे निम्म्याने घटल्या. एवढा स्वच्छ प्रयोग हवामानशास्त्रात सहसा कुणाच्या नशिबी येत नाही.

यातून शहरांपुरतं काय घ्यायचं? उष्णता आणि इमारती वादळ कुठे जन्मणार यावर परिणाम करतात. त्या वादळात विजा किती, यात धुराचा हात मोठा असू शकतो. शहरात तिन्ही गोष्टी एकाच वेळी काम करत असतात आणि प्रत्येकीचा वाटा शहरागणिक बदलतो.

मग दिल्लीत हिवाळ्यात विजाच विजा व्हायला हव्यात?

धूर म्हणाल तर नोव्हेंबरच्या दिल्लीत हवा तेवढा. पण तेव्हा झोत नसतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण, त्यामुळे खालचं खाली, वरचं वर. पुऱ्या लाटून ठेवल्या पण कढईखाली जाळच नाही.

शिवाय धुराचं मिठासारखं आहे. बेताचा असला तर चव आणतो, ओंजळभर पडला तर पातेलं वाया. धुरकं फार दाट झालं की ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, जमीन तापत नाही, आणि ढगांचा जोरच ओसरतो. तेव्हा 'जितका धूर तितक्या विजा' असं सरळ गणित मांडू नका.

आणि ते टॉवर?

उंच वस्तूवर वीज पडते, हे खरं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर वर्षाला सरासरी वीसहून जास्त वेळा पडते. पण पंगतीत पहिल्या पानावर आधी वाढतात म्हणून पातेल्यातली आमटी वाढत नाही. ढगातून जी वीज त्या परिसरात कुठेतरी पडणारच होती, ती उंच टोकाने आपल्यावर घेतली, एवढंच. शंभर-दोनशे मीटरच्या पुढच्या मनोऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी असते. त्यांच्या टोकावरून कधी कधी वीज उलटी, खालून वर सुरू होते, आणि ती खरोखर मनोऱ्याने केलेली भर असते. सोसायटीच्या गच्चीवरचा मोबाइलचा टॉवर त्या जातीचा नाही. त्याने वादळ येत नाही आणि विजांची संख्या वाढत नाही.

ही जास्तीची वीज पडते कुणावर?

मला हा सगळ्यात अवघड भाग वाटतो. फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसाला विजेचा धोका तुलनेनं फार कमी. पक्क्या इमारतीत लोखंडी सळ्या, नळ, वायरिंग आणि बऱ्याचदा वर वीजवाहक असतो. वीज पडली तरी तिला जमिनीत जायला वाट मिळते. टीव्ही जळतो, लिफ्ट बंद पडते, आपण वैतागतो. वाऱ्याखालच्या गावात मात्र माणूस उघड्या शेतात उभा असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये भारतात विजेने २,८८७ माणसं गेली. नैसर्गिक आपत्तींनी त्या वर्षी जितके मृत्यू झाले त्यांत एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या विजेचा होता. पूर, थंडी, उष्माघात सगळे तिच्या मागे. मरणारे बहुतेक ग्रामीण भागातले. पेरणीची, काढणीची, गुरं वळायची वेळ आणि वादळाची वेळ एकच, दुपारनंतरची. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात झाडाखाली आडोशाला थांबलेल्यांच्या बातम्या दर पावसाळ्यापूर्वी येतात. यातला अमुक मृत्यू अमुक शहरामुळे, असं कुणीही म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. पण शहरांच्या आराखड्यांत वाऱ्याखालच्या तालुक्यांचा विचार कुठेच नसतो, याचं मला नवल वाटतं. सांडपाणी नदीतून खालच्या गावाला जातं हे आपण निदान मान्य करतो. आकाशातूनही काही वाहत जातं, हे अजून गावीही नाही.

विजा मोजण्याचं देशातलं एक महत्त्वाचं जाळं पुण्यातूनच चालतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाराष्ट्रापासून सुरुवात केली, आणि आज देशभरात त्यांची ८० हून अधिक यंत्रं विजा टिपतात. त्याच नोंदींवर चालणारं 'दामिनी' हे फुकट ॲप तुम्ही जिथे आहात त्याच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिघात विजा होत असतील तर सावध करतं. गावाकडे कुणी शेतात जात असेल तर त्यांच्या फोनमध्ये ते टाकून द्या.

फोन नसेल तर जुनी रीत आहेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे, तितके किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या बंद गाडीत जायचं. झाड नको, उघडी शेड नको, ट्रॅक्टर नको, तळ्याकाठ नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तसंच थांबायचं, कारण पाऊस ओसरला तरी वीज मागे रेंगाळते.

आणि कुणावर पडलीच, तर त्या माणसाला हात लावायला भिऊ नका. अंगात वीज साठून राहते हा गैरसमज आहे, आणि त्यापायी माणसं नुसती भोवती उभी राहतात. श्वास आणि नाडी थांबली असेल तर लगेच छातीवर जोरात, भराभर दाब द्यायला सुरुवात करायची, दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. थांबलेलं हृदय पहिल्या काही मिनिटांत परत चालू होऊ शकतं.